बोरिक पावडरच्या बाटलीतली हळद

मित्रांनो, हळदीला जुनी व्हायला फार काळ लागत नाही. एक वर्ष सरलं, नवी हळद बाजारात आली, की आधीची जुनी. त्या हिशोबानं मी जुनी आहे. माझा रंग थोडा उतरलाय, वासही पहिल्यासारखा राहिलेला नाही. बुधवार पेठेतल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, तपकिरी काचेच्या एका बाटलीत मी राहते. बाटलीला घट्ट बूच आहे. माझं आयुष्य म्हणजे एका कोंडीतून निघून दुसऱ्या कोंडीत पडणं, एवढंच झालं. त्यात एका माणसाचा पाय जाता जाता राहिला. ती हकिगत तुम्हाला सांगायची आहे.

वाईजवळच्या एका काळ्या रानात माझा जन्म झाला. जन्म झाला म्हणजे मी उजेड पाहिला, असं समजू नका. वर माझी हिरवी पानं वारा खात होती आणि खाली मी नऊ महिने मातीत गाडलेली होते. पाणी झिरपत येई, मुंग्या अंगावरून जात, पण मला इकडची तिकडं व्हायला जागा नव्हती. पानं वाळली आणि एक दिवस कुदळ आली. सुटले एकदाची, असं वाटलं. कसली सुटतेय! दुसऱ्याच आठवड्यात मला मोठ्या काहिलीत घातलं, वर गोणपाट झाकलं आणि खालून जाळ लावला. माझ्या ज्या बहिणी बेण्यासाठी बाजूला काढल्या होत्या त्या पुन्हा रानात गेल्या, पुन्हा उगवल्या. मी शिजले, त्यामुळे माझं उगवणं तिथंच संपलं. मग महिनाभर ऊन, मग गरगर फिरणारं पिंप. त्यात घासून घासून माझी साल निघाली आणि मी पिवळंधमक हळकुंड होऊन पोत्यात जाऊन पडले.

पुण्यात मला आनंदीबाईंनी विकत घेतलं. वय पासष्टच्या पुढं, पण हळकुंड पारखायला त्यांना चष्मा लागत नाही. एक मोडून आतला रंग बघितला, वास घेतला, दुकानदाराला दोनदा नाक मुरडून दाखवलं आणि मग दोन किलो तोलून घेतलं. पाकिटातली तयार हळद त्या घरात येऊ देत नाहीत. मला पिशवीत घालून त्या थेट रज्जाकभाईंच्या मसाल्याच्या गिरणीवर गेल्या.

"रज्जाकभाई, आधी मिरची दळलीत का?" त्यांनी पायरीवरूनच विचारलं.

"दळली की. पण मशीन पुसलंय, वर किलोभर तांदूळ फिरवलाय. तुमच्या दुधात तिखट लागलं तर आणून मला पाजा, काकू."

"पाजीन. दूध मात्र तुमचं."

"ते मी धरूनच चाललो होतो," रज्जाकभाई म्हणाले आणि त्यांनी मला गिरणीच्या तोंडात ओतलं.

आत काय झालं ते सांगण्यासारखं नाही. बाहेर आले ती भुकटी होऊन. पण तेव्हा एक गोष्ट मला कळली. भुकटी झाल्यावर मी एका जागी राहत नाही. चिमूट चिमूट वाटली जाते आणि प्रत्येक चिमटीत मी असतेच. वरणात असते, दुधात असते, दाराशी आलेल्या सवाष्णीच्या कपाळावरही असते. म्हणूनच पुढं जे घडलं ते मी कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. मी त्यात होते.

आनंदीबाईंच्या मिसळणाच्या डब्यात माझी वाटी अगदी मधोमध होती. मोहरी, जिरं, हिंग, तिखट सगळी कडेला. डब्याचं झाकण दिवसातून दोनदा उघडायचं, बाकी वेळ अंधार. पण मान होता. विळीनं बोट कापलं की मी. घसा धरला की दुधातून मी. पाय मुरगळला की तुरटीबरोबर लेपात मी. शेजारणी येऊन म्हणायच्या, "हळदीसारखं औषध नाही हो!" आणि मी डब्यात बसून फुगायची. माणसं अर्ध्या हळकुंडानं पिवळी होतात म्हणे. मी तर चांगली दोन किलो होते, मग विचारता काय!

आनंदीबाईंच्या यजमानांचं नाव शरच्चंद्र. एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांनी चौतीस वर्षं सहायक म्हणून काढली आणि निवृत्त होऊनही बारा वर्षं झाली. पण प्रयोगशाळा त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. घरात त्यांचं एक कपाट होतं. त्यात सोडा, तुरटी, बोरिक पावडर, असं काय काय तपकिरी बाटल्यांत भरलेलं असायचं आणि प्रत्येक बाटलीवर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात लेबल. त्या कपाटाला हात लावायची घरात कोणाची टाप नव्हती. वीस वर्षांपासून त्यांना मधुमेह होता. कोणी चौकशी केली की म्हणायचे, "साखर रक्तात आहे, जिभेवर नाही. खात्री करायची तर आनंदीला विचारा." आनंदीबाई आतून म्हणायच्या, "त्यात विचारायचं काय? ऐकू येतंच आहे सगळ्यांना."

एप्रिल महिन्यातली गोष्ट. शरच्चंद्रांच्या चपलेचा अंगठा तुटला होता, तो त्यांनी चांभाराकडून खिळा मारून आणला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते अप्पा बळवंत चौकात गेले, जुनी पुस्तकं चाळत दोन तास उभे राहिले आणि चालत घरी आले. आनंदीबाई तेव्हा भजनी मंडळात गेल्या होत्या. घरात पाऊल टाकल्यावर शरच्चंद्रांना फरशीवर आपल्याच पावलाचा लाल ठसा दिसला. चपलेच्या तळातून एक खिळा वर आला होता. तो उजव्या पायात, करंगळीशेजारच्या बोटाखाली शिरला होता आणि या माणसाला दोन तास पत्ताच नव्हता! मधुमेहानं त्यांच्या तळपायाची जाणीव कधीच मारून टाकली होती.

ते खुर्चीवर बसले, पाय मांडीवर घेतला, भोक बघितलं आणि मोठ्यानं म्हणाले, "दुखत नाही. म्हणजे काही नाही."

मित्रांनो, चौतीस वर्षं शास्त्राच्या सहवासात काढलेला माणूस असं म्हणाला. मग ते स्वयंपाकघरात आले, डबा उघडला आणि चांगली मूठभर हळद घेऊन त्या भोकावर दाबली. रक्त थांबलं. "शाबास," ते मला म्हणाले. खोटं कशाला सांगू, मला त्या क्षणी धन्य वाटलं. फरशी पुसताना मात्र ते स्वतःशीच पुटपुटत होते आणि ते मी त्यांच्या पायाशी असल्यामुळे ऐकलं. "अवधूतदादा पण बोटच दाखवायला गेला होता."

अवधूतदादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. त्यांनाही मधुमेह. आठ वर्षांपूर्वी पायाचं एक बोट काळं पडलं म्हणून शरच्चंद्रच त्यांना रुग्णालयात घेऊन गेले होते. आधी बोट काढलं, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंत पाय, आणि तीन महिन्यांत भाऊच गेला. भावाला रिक्षात बसवताना "तासाभरात परत येऊ" असं शरच्चंद्र म्हणाले होते. ते वाक्य त्यांच्या घशात आठ वर्षं अडकून राहिलं होतं. म्हणून त्यांनी ठरवलं, हे कोणाला सांगायचं नाही. आनंदीला तर नाहीच. ती सांगितल्या पावली डॉक्टरकडे नेईल, डॉक्टर कापतील आणि आपण अवधूतदादाच्या वाटेनं जाऊ.

त्यांनी कपाटातली बोरिक पावडरची बाटली मोरीत रिकामी केली, तिच्यात मला भरलं, बूच लावलं आणि बाटली जागच्या जागी ठेवून दिली. लेबल तेच. तपकिरी काचेतून पिवळं दिसत नाही. डब्यात निदान मोहरी-जिऱ्याची सोबत होती. इथं मी एकटी, दुसऱ्याच्या नावाखाली कोंडलेली.

पण बाटलीतली कोंडी परवडली, मोज्यातली नको, असं म्हणायची वेळ आली. रोज सकाळी दार लावून ते पायावर माझा थर देत, वर पट्टी बांधत, वर मोजा चढवत. तिसऱ्या दिवशी मला कळून चुकलं. वरून मी कोरडी, खडखडीत, पाहणाऱ्याला वाटावं जखम भरत आली. खाली मात्र गरम होतं, ओलं होतं, आणि ती ओल आत हाडाच्या दिशेनं सरकत होती. चिरलेल्या बोटाचं रक्त मी थांबवलं असेल, पण हे माझ्या आवाक्यातलं काम नव्हतं. साखर मुरलेल्या पायापुढं माझी काय पत्रास! मला ओरडून सांगावंसं वाटायचं, अहो शरच्चंद्र, मला काढा, मला धुवा, आत बघा. पण हळदीला कुठला आवाज? ते मात्र रोज जुन्या थरावर नवा थर चढवत. खाली पू, वर मी, वर पट्टी, वर मोजा. त्या घरात ज्याला त्याला मीच आंधळं करत होते.

मोजे आनंदीबाईंच्या डोळ्यांवर आले.

"घरात मोजे? बाहेर वैशाख आहे."

"बाहेर आहे. मी घरात आहे."

"आणि हे मोजे धुताय कशाला स्वतः? बेचाळीस वर्षांत रुमाल नाही धुतलात कधी."

"म्हणजे सुरुवात करायला उशीरच झाला," शरच्चंद्र म्हणाले आणि त्यांनी वर्तमानपत्र तोंडापुढं धरलं.

दोन दिवसांनी न्हाणीघरातल्या दांडीवर वाळत घातलेला पांढरा मोजा आनंदीबाईंच्या हाती लागला. तळाशी तांबडे डाग होते. त्या तशाच बाहेर आल्या. "अहो, रक्त आहे हे?"

शरच्चंद्रांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.  "हळद आहे ती. बोटांच्या बेचक्यात खाज येते, म्हणून चिमूटभर लावतो. हळदीवर साबण पडला की ती लाल होते. साबण अल्कधर्मी असतो. शाळेतल्या पोरांना येतं हे."

आणि मित्रांनो, यात एक अक्षरही खोटं नव्हतं! हळदीवर साबण पडला की ती लाल होतेच. पिवळा डाग साबणानं तांबडा झालेला आनंदीबाईंनी आयुष्यभर बघितला होता. त्यांनी मान डोलावली आणि मोजा परत ठेवला. पण त्या मोज्यावर दोन तांबडे होते. एक माझा, एक त्यांच्या रक्ताचा. शरच्चंद्रांना ते माहीत होतं आणि मला माहीत होतं. खोट्याला पाय नसतात म्हणतात, पण अर्धवट खरं मात्र घरभर फिरतं. माझ्याच रंगाआड त्यांनी रक्त लपवलं होतं आणि मी त्यांची साक्षीदार सोडून साथीदार होऊन बसले होते. तेव्हा मला माझ्या रंगाची किळस आली.

पुढं पुढं शरच्चंद्रांचं जेवण कमी झालं. संध्याकाळी अंगात कसर वाटायची, ते पंख्याखाली चादर ओढून बसायचे. रोज सकाळी दगडूशेठला जाऊन बाहेरूनच हात जोडून यायचा त्यांचा नेम मोडला. आनंदीबाईंनी विचारलं तर म्हणाले, "गर्दी असते." एक दिवस त्यांनी मनगटाला अत्तर लावलं. "कोणाचं लग्न?" आनंदीबाईंनी विचारलं. "आपलंच आठवलं," ते म्हणाले. त्या हसल्या. एरवी हे उत्तर त्यांना आठवडाभर पुरलं असतं. पण अत्तराखालून येणारा दुसरा वास त्यांच्या नाकानं टिपला होता, आणि ज्या नाकानं दोन किलो हळकुंडं निवडली होती ते नाक सहसा चुकत नाही.

 त्यांनी न्हाणीघरातला मोजा उचलला आणि गॅलरीत उन्हात वाळत घातला. शरच्चंद्रांचे मोजे आत सावलीत वाळायचे, ते का, हा प्रश्न त्यांना तेव्हा पडला की नंतर, कोण जाणे. वैशाखाचं ऊन दोन दिवस त्या मोज्यावर पडलं. माझा रंग कितीही गर्द असो, उन्हापुढं तो टिकत नाही. उडून जातो. लोणचं घालताना पदराला लागलेली हळद बायका साबणानं घासत बसत नाहीत, उन्हात टाकतात. तिसऱ्या दिवशी सकाळी आनंदीबाईंनी मोजा काढला तेव्हा मी त्यावरून जवळजवळ नाहीशी झाले होते. मधोमध रुपयाएवढा तपकिरी डाग मात्र तसाच होता.

त्या मोजा हातात धरून बराच वेळ गॅलरीत उभ्या राहिल्या. खालून रिक्षांचे हॉर्न येत होते. मग त्या आत गेल्या. त्या दिवशीचा ताजा धुतलेला मोजा दांडीवर होता, साबण नीट न निघालेला, तांबडा. तो घेऊन त्या ओट्याशी आल्या. कोशिंबिरीसाठी लिंबू कापून ठेवलं होतं. त्यातली अर्धी फोड त्यांनी उचलली.

मी त्या मोज्यावर होते. कडेला होते आणि मध्येही होते, रक्तात मिसळलेली. लिंबाचा पहिला थेंब कडेवर पडला. एका क्षणात माझं तांबडं गेलं आणि मी लख्ख पिवळी झाले. आनंदीबाईंचा श्वास सुटलेला मला ऐकू आला. त्यांनी दुसरा थेंब मध्यावर पिळला. मध्यावर होते नव्हते तेवढे माझे कण पिवळे झाले. बाकी सगळं तांबडं तसंच राहिलं. त्यांनी पुन्हा पिळलं. पुन्हा पिळलं. फोडीत रस उरला नाही तरी पिळत राहिल्या. मग मोजा ओट्यावर ठेवून त्या खाली फरशीवर बसल्या आणि तोंडाला पदर लावून रडल्या. इतक्या दिवसांत मला जे सांगता येत नव्हतं ते मी सांगून मोकळी झाले होते, आणि मला मोकळं मात्र वाटत नव्हतं.

पाच मिनिटांनी त्यांनी डोळे पुसले, दोन्ही मोजे ताटलीत ठेवले आणि ताटली शरच्चंद्रांपुढच्या टीपॉयवर नेऊन ठेवली.

"हा दोन दिवस उन्हात होता. आणि यावर मी आत्ता लिंबू पिळलंय."

शरच्चंद्रांनी ताटलीकडं बघितलं. चौतीस वर्षं त्यांनी पोरांना सांगितलं होतं, निरीक्षण लिहा, मतं लिहू नका. त्यांच्यापुढं निरीक्षण मांडून ठेवलं होतं.  

"तुम्ही सांगितलंत ते पटलं होतं हो मला," आनंदीबाई म्हणाल्या. "तुमच्या शास्त्रावर माझा विश्वास होता. माझ्या नाकापेक्षा जास्त."

यावर ते खाली वाकले आणि त्यांनी मोजा काढला. मग पट्टी. आनंदीबाईंनी पाय हातात घेतला. तळव्यावर माझी पिवळी खपली होती आणि तिच्या कडेनं त्वचा काळी-निळी झाली होती. त्या पायाला किती ताप होता ते त्यांच्या हाताला कळलं.

"मी नाही जायचो तिथं," शरच्चंद्र एकदम लहान आवाजात म्हणाले. "अवधूतदादाचं बघितलंयस ना तू? बोट म्हणाले आणि माणूस नेला. मी नेलं होतं त्याला. मी."

"भाऊजींचं बोट दोन महिने काळं होतं, अहो. तेही मोज्यातच होतं. तुम्ही नेलंत तेव्हा फार उशीर झाला होता. डॉक्टरांनी नाही नेलं त्यांना, त्या दोन महिन्यांनी नेलं. आणि तुम्ही आता तेच करताय."

"किती दिवस झाले असतील मला?" त्यांनी विचारलं. म्हणजे मोजले त्यांनीही होते, फक्त दुसऱ्या कोणीतरी आकडा सांगावा असं त्यांना वाटत होतं.

"ते डॉक्टरांपुढं सांगा. रिक्षा बोलावते."

रुग्णालयात डॉक्टर नाजिमा होत्या. तरुण, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी कोमट सलाईननं पाय भिजवला आणि चिमट्यानं मला थराथरानं काढायला सुरुवात केली. किती थर ते! मी निघता निघेना. प्रत्येक थराखाली अजून मी. शेवटी खाली पोचल्या तेव्हा त्यांनी क्षणभर हात थांबवला.

"काका, दुखत नव्हतं ना?"

"अजिबात नाही."

"तीच तर भानगड आहे. दुखलं असतं तर पहिल्याच दिवशी आला असतात."

"हळद रोज लावत होतो," शरच्चंद्र म्हणाले. त्यांच्या आवाजात अजूनही थोडी आशा होती, चांगलं काम केल्याचं कोणी म्हणेल अशी.

"दिसतंय. हळद वाईट नाही हो काका. पण जखम लाल होते, सुजते, तेव्हा ती काहीतरी सांगत असते. ते सगळं हिनं झाकून टाकलं. मला पाय बघायच्या आधी अर्धा तास हळद बघावी लागली."

आनंदीबाईंनी भिंतीकडं तोंड केलं. मी तोवर ट्रेमध्ये पडले होते, पिवळा चिखल होऊन. इतकी वर्षं आमच्या जातीनं जे कौतुक ऐकलं त्या सगळ्याचं उत्तर त्या बाईनं दोन वाक्यांत दिलं. मला राग आला नाही. खरं होतं ते.

"पाय जाणार?" शरच्चंद्रांनी विचारलं. त्यांनी आनंदीबाईंचा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी मनगटात रुतली.

"आज आलात म्हणून पाय राहील. करंगळीशेजारचं बोट वाचेल असं वाटत नाही. अजून आठ दिवस मोज्यात ठेवला असतात तर मी वेगळं बोलले असते."

बोट गेलं. पाय राहिला. अकरा दिवसांनी शरच्चंद्र स्वतःच्या दोन पायांवर, काठी टेकत, जिना चढून घरी आले. दुसऱ्या मजल्याच्या दाराशी पोचल्यावर ते थांबले आणि लहान मुलासारखे रडले. "आलो," ते म्हणाले. "परत आलो, आनंदी."

पुढचे दिवस भेटायला येणाऱ्यांचे. शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "एवढं कापाकापीपर्यंत जायची काय गरज होती? हळद लावायची!"

"लावली होती," शरच्चंद्र म्हणाले. "एक बोट घेतलं तिनं. तुमची अजून दहाच्या दहा दिसतायत."

गृहस्थ चहा न पिता गेले. मग शरच्चंद्रांनी कपाट उघडलं, माझी बाटली काढली, जुनं लेबल खरवडलं आणि नवं चिकटवलं. 'हळद. जखमेवर लावण्यापूर्वी आनंदीला दाखवणे. आनंदी झोपली असल्यास उठवणे.' त्यांना मला फेकून देता आलं असतं, पण त्यांनी फेकलं नाही. बूच लावून परत ठेवलं. त्या दिवसापासून मी इथंच आहे. सोडायचं की ठेवायचं हे हळदीच्या हातात कधीच नसतं.

डॉक्टरांनी रोज तळपाय बघायला सांगितलं होतं. म्हणून रोज चार वाजता, गॅलरीत उजेड असताना, शरच्चंद्र खुर्चीवर बसतात आणि आनंदीबाई समोर स्टुलावर बसून त्यांचे दोन्ही पाय मांडीवर घेतात. बोटांच्या बेचक्या बघतात, टाच दाबून बघतात. शरच्चंद्रांना सुरुवातीला फार अवघडल्यासारखं व्हायचं. "म्हाताऱ्या बायकोनं भर गॅलरीत पाय धरायचे, समोरच्या बिल्डिंगमधले काय म्हणतील?" "म्हणतील, उशिरा का होईना बाईला पश्चात्ताप झाला," आनंदीबाई म्हणाल्या.

थंडीच्या दिवसात एकदा असंच तपासून झालं. आनंदीबाई उठायला लागल्या तर शरच्चंद्रांनी त्यांना बसवलं आणि म्हणाले, "आता तुझे दे."

"माझ्या पायांना काय झालंय?" त्यांनी पाय साडीखाली ओढून घेतले.

"ते बघितल्यावर सांगतो."

"राहू द्या हो. पोळ्या लाटायच्यात."

"पोळ्या थांबतील. दे."

त्या ओशाळल्या. पण शरच्चंद्र खाली, फरशीवर बसले. काठी बाजूला ठेवून, कष्टानं बसले. त्यांनी आनंदीबाईंचा पाय हातात घेतला आणि उजेडाकडं वळवला.

टाच उभी-आडवी फाटली होती. भेगा खोल होत्या, करंगळीचं नख मावेल इतक्या, आणि त्या भेगांत तेलात कालवलेली हळद भरलेली होती. मी होते तिथं. माझ्या आधीच्या वर्षीची हळद होती, तिच्या आधीचीही असेल. एका भेगेच्या तळाशी ओलं रक्त होतं.

"हे कधीपासून?"

"असंच असतं बायकांचं. ओट्याशी उभं राहून होतं."

"कधीपासून, आनंदी?"

त्यांनी थोडा विचार केला. "लग्नानंतरच्या पहिल्या थंडीपासून. दुखतात थंडीत. हळद भरली की बरं वाटतं."

 शरच्चंद्र उठून आत गेले, कोमट पाण्याची बादली काठीच्या आधारानं थांबत थांबत ओढत आणली, आणि ज्या बोटांनी चौतीस वर्षं काचेच्या नळ्या धुतल्या त्या बोटांनी एकेक भेग धुवायला लागले. मी पाण्यात उतरत होते, पाणी पिवळं होत होतं. बेचाळीस वर्षं ती बाई त्याच घरात, त्यांच्या डोळ्यांसमोर, दुखऱ्या टाचांवर उभी होती. त्या टाचांत काही बिघडलं असतं तर ते ओळखायला त्या घरात कोणी नव्हतं, कारण तिनं नवऱ्याचा पाय उजेडात घेतला तसा तिचा पाय उजेडात घेणारं कोणी नव्हतं.

"पाणी फार गरम नाही ना?" शरच्चंद्रांनी मान वर न करता विचारलं. त्यांचा चष्मा भिजला होता.

"नाही हो," आनंदीबाई म्हणाल्या, आणि त्यांनी दुसरा पाय स्वतःहून पुढं केला.

मित्रांनो, मला नावं ठेवू नका, आणि मला डोक्यावरही घेऊ नका. मला वरणात घाला, दुधात घाला, लग्नात अंगाला लावा. पण तुमच्या घरात एखादं माणूस 'काही नाही, हळद लावलीय' असं म्हणालं, तर तेवढ्यावर उठून जाऊ नका. त्याचा पाय उजेडात घ्या. मी तिथं असेनच. आधी मला धुऊन काढा, आणि मग बघा.